थंडीवर आळ, दोष उजेडाचा: मिनेसोटातल्या एका परसबागेचं प्रकरण

मिनिआपोलिसच्या पश्चिमेला एका उपनगरात राहणारं हे मराठी कुटुंब. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, मुलं शाळेत जाणारी, आणि एप्रिलपासून पाच-सहा महिने मुक्कामाला येणाऱ्या निफाडच्या आजी. घर घेतल्यावर लागोपाठ दोन वर्षं त्यांनी मागच्या अंगणात भाजीपाला लावून पाहिला. बियाणं, माती, खत, कुंड्या यांवर बराच पैसा गेला आणि हाती आलं ते एका सॅलडपुरतं. मी या भागात बरीच वर्षं बागकाम करते, त्यामुळे ओळखीतून माझ्याकडे फोन आला. विचारणा मात्र खरेदीची होती: "मावशी, ग्रीनहाऊस कोणतं घ्यावं?"

त्यांचं निदान ठरलेलं होतं. इथे थंडी भयंकर, म्हणून काही येत नाही. उपायही ठरलेला, पॉलिकार्बोनेटचं छोटं काचघर. मी म्हटलं, आधी अंगण बघू या, कार्डाचा नंबर मग टाका.

थंडीबद्दल त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. ३० जानेवारी २०१९ ला मिनिआपोलिसचा पारा उणे ३३ सेल्सिअसवर गेला होता. जमीन इतकी खोल गोठते की घराचा पाया ४२ इंच खाली न्यावा, असा इथला बांधकामाचा नियमच आहे. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत हिमतुषाराची भीती असते आणि ऑक्टोबर उजाडला की ती परत येते. या दोन टोकांच्या मध्ये पाचेक महिने मिळतात. पण ज्या तक्रारी त्यांनी सांगितल्या त्या एकेक करून तपासल्या तेव्हा थंडीच्या खात्यावर एकच नुकसान निघालं. बाकीची सगळी दुसऱ्याच कारणांची होती, आणि त्यांतली बहुतेक उजेडाशी जोडलेली.

तक्रारी काय होत्या

कांदा गोट्यांएवढा राहिला. मेथी वीतभर होण्याआधीच फुलावर आली, कोथिंबिरीचंही तेच. वालाचा वेल कुंपणावर मांडवासारखा पसरला, पण शेंग एक नाही. मिरची आणि वांग्याची रोपं मेच्या सुरुवातीला एका रात्रीत काळी पडली. सफरचंदाचं नवं झाड पहिल्या हिवाळ्यानंतर अर्धं वाळलं. आणि सगळ्यांत जिव्हाळ्याचं दुखणं म्हणजे कढीपत्ता: कुंडीत जोमाने वाढलेलं झाड घरात आणल्यावर नोव्हेंबरात निष्पर्ण झालं.

आजींना थंडीचं कौतुक नव्हतं. निफाडला पारा दोन-तीन अंशांवर उतरला की द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवणाऱ्या घरातल्या त्या. "थंडीनं कांदा बारीक राहत नाही, थंडीत तर तो पोसतो," हे त्यांनी पहिल्याच भेटीत ऐकवलं. या प्रकरणातलं पहिलं अचूक निरीक्षण त्यांचंच, आणि घरात ते कुणी मनावर घेतलेलं नव्हतं.

वाफा कुठे होता

घर दुमजली, उंची साधारण ७ मीटर. मागचं अंगण घराच्या उत्तरेला, आणि वाफा भिंतीपासून जेमतेम ४ मीटरवर. जागा निवडताना घरच्या ताईंच्या मनात नाशिकचा एप्रिल होता. तिकडे कोवळ्या रोपाला दुपारची सावली मिळाली तर बरंच, म्हणून घराच्या आडोशाला वाफा केला आणि पाण्याचा नळही जवळ आला.

पण मिनिआपोलिस ४५ अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून २१-२२ अंशच वर येतो, नाशिकला त्या दिवशी तो ४६ अंशांवर असतो. ७ मीटर उंच घराची सावली नाशिकला साडेसहा मीटर पडेल, इथे ती १७ मीटरच्या पुढे जाते. एप्रिलच्या मध्यावर ती ५ मीटर, जूनच्या अखेरीस ३ मीटरहून कमी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा ८ मीटरच्या घरात. म्हणजे भिंतीपासून ४ मीटरवरचा वाफा फक्त ऐन उन्हाळ्यात भर दुपारी उन्हात. वसंतात पेरणीची वेळ आली तरी त्यावर सावली, त्यामुळे बर्फही तिथलंच सगळ्यांत शेवटी वितळणार आणि माती सगळ्यांत उशिरा तापणार. आधीच पाच महिन्यांचा हंगाम, त्यातला महिना-दीड महिना या एका निवडीने खाल्ला.

मी त्यांच्या मुलीला काम लावलं. एका सुटीच्या दिवशी सकाळी ९, दुपारी १ आणि संध्याकाळी ५ वाजता अंगणात उभं राहायचं आणि सावलीची कड खडूने किंवा दोरीने आखायची. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे सरकवलेली असतात, म्हणून इथे खरं मध्यान्ह दुपारी सव्वाच्या सुमाराला होतं, त्यामुळे १२ ला पाहून उपयोग नाही. तिने ते इमानदारीने केलं आणि कागदावर काढलेल्या नकाशात दिसलं की अंगणाच्या उत्तर टोकाला, कुंपणाच्या अलीकडे, आठ तास ऊन पडणारी जागा रिकामीच पडली होती. तिथे गवत होतं. वाफा तिथे हलवला, १२ इंच उंच लाकडी चौकटीत, कारण उंच वाफ्यातली माती वसंतात लवकर तापते आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी तिच्यात साचून राहत नाही. या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा नंतरच्या कशानेच पडला नाही, असं माझं मत आहे. ताईंना ते पटायला पूर्ण उन्हाळा लागला, कारण नळ लांब गेला होता.

ग्रीनहाऊसचा बेत मी त्याच भेटीत मोडीत काढला. न तापवलेलं छोटं काचघर फेब्रुवारीच्या स्वच्छ दुपारी आत तीस अंशांपर्यंत जातं आणि पहाटे बाहेरच्या तापमानाच्या दोन-चार अंश वर असतं. बाहेर उणे वीस असताना आत उणे सोळा, एवढीच त्याची किमया. त्याला रात्रभर हीटर लावायचा तर विजेच्या बिलात महिन्याची मेथी दुकानातून आरामात येईल. पुन्हा बर्फाचं वजन पेलणारा सांगाडा हवा तो वेगळाच.

कांदा, वाल आणि दिवसाची लांबी

कांद्याचं बी त्यांनी इथल्याच एका ऑनलाइन दुकानातून घेतलं होतं, नाशिकच्या लाल कांद्याचं. बी ताजं होतं, उगवलंही छान. घोटाळा त्याच्या घड्याळात होता.

कांदा पाती वाढवायची थांबवून गड्डा भरायला कधी लागतो, हे मुख्यतः दिवसाच्या लांबीवर ठरतं. निफाडच्या संशोधन केंद्राची एन-५३ घ्या किंवा आपल्याकडच्या दुसऱ्या जाती घ्या, त्या लहान दिवसाच्या. दिवस ११-१२ तासांचा झाला की त्यांना गड्डा धरायचा इशारा मिळतो. नाशिकला वर्षातला सगळ्यांत लहान दिवस जवळजवळ ११ तासांचा आणि सगळ्यांत मोठा १३ तास २० मिनिटांचा, त्यामुळे तिथे हे गणित जमतं. मिनिआपोलिसला डिसेंबरात पावणेनऊ तासांचा दिवस आणि जूनमध्ये साडेपंधरा तासांहून मोठा. एप्रिलअखेर रोप जमिनीत लावेपर्यंत दिवस चौदा तासांवर पोचलेला असतो. चार पानांचं कोवळं रोप, आणि त्याला लावल्या लावल्या इशारा मिळतो: भर गड्डा. पानं चार म्हणून गड्डाही चार पाकळ्यांचा. आजींचं म्हणणं खरं ठरलं, थंडीचा यात काही हात नव्हता.

उपाय सोपा. मोठ्या दिवसाच्या जाती घ्यायच्या, ज्या १४ तासांनंतरच गड्डा धरतात. ताईंनी पॅटरसन आणि वॉला वॉला या जातींची रोपं लावली. पहिली टिकाऊ, दुसरी गोडसर पण साठवणीला कुचकामी. ऑगस्टमध्ये माना पडल्यावर काढलेले कांदे मुठीत मावेनात. आजींनी पॅटरसनला पास केलं, वॉला वॉलाला "याला वासच नाही" म्हणून नापास. भाजीचा कांदा झणझणीत हवा, याबद्दल मी त्यांच्याच बाजूची.

वालाचं उलटं. आपल्याकडच्या वालाच्या जुन्या जाती दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतात. पावसाळ्यात पेरायचा, दिवाळीच्या आगेमागे फुलोरा, थंडीत शेंगा. मिनेसोटात जून-जुलैचे अजस्र दिवस संपून दिवस तेरा तासांच्या खाली यायला सप्टेंबरचा पहिला आठवडा उजाडतो. मग कळी धरते, फूल येतं, आणि ऑक्टोबरात पहिल्याच फ्रॉस्टमध्ये, म्हणजे हिमतुषारात, वेल काळा. चार महिने वेलाने पाला केला तो याचमुळे. घरच्यांना वाटत होतं की शेणखत जास्त झालं. ते थोडं झालंही असेल, पण खत कमी करून शेंगा आल्या नसत्या.

यावर इलाज म्हणजे दिवसाच्या लांबीला न जुमानणारी जात. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का जय ही झुडपी वालाची जात तशी आहे. भारतातून बी मागवायचं तर अमेरिकी कृषी खात्याच्या परवान्याचे सोपस्कार असतात. बॅगेत पुडी टाकून आणणं नियमात बसत नाही आणि तपासणीत सापडली तर ती जातेच. कुटुंबाने तूर्त वाल बाजूला ठेवून तिथे घेवडा लावला, तो या दिवसांत बिनतक्रार येतो. तुरीचा विचारही मी इथे कुणाला करू देत नाही, तिचंही दुखणं वालासारखंच.

मेथी-कोथिंबीर: इथला रब्बी दोन तुकड्यांत

मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, वाटाणा या आपल्या हिवाळ्यातल्या भाज्या. ताईंनी त्या जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरल्या, "आता थंडी नक्की गेली" याची खात्री करून. या भाज्यांना गरज होती ती नेमकी गेलेल्या थंडीची. मोठा दिवस आणि वाढती ऊब एकत्र आली की ही मंडळी पानं सोडून फुलाच्या मागे लागतात. पालकाचं तर प्रसिद्धच आहे, चौदा तासांचा दिवस झाला की तो दांडा काढतो.

मी त्यांना कॅलेंडरच्या दोन पट्ट्या करून दिल्या. आपला रब्बी इथे दोन तुकड्यांत येतो: एक एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, दुसरा ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. आपला खरीप, म्हणजे भेंडी, मिरची, वांगं, दोडका, कारलं, यांना मेअखेर ते सप्टेंबर एवढीच जागा. मराठी माणसाला हे लगेच कळतं, "झोन" आणि "फ्रॉस्ट डेट" सांगत बसण्यापेक्षा लवकर.

ऑगस्टची पेरणी ही यातली खरी मिळकत. दिवस लहान होत जातात, रात्री गार होतात, मेथी फुलायचं विसरते. हलका फ्रॉस्ट ती सोसते, कोथिंबीरही सोसते, आणि पालक तर पातळ कापडाखाली नोव्हेंबरातही तोडायला मिळतो. अडचण एकच, ऑगस्टमधली तापलेली माती. पेरून वर ओलं गोणपाट टाकायचं आणि कोंब दिसताच काढायचं, ही युक्ती आजींची.

थंडीने खरोखर काय मारलं

मिरची आणि वांगी. मेच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस २५ अंश तापमान झालं, दुकानांबाहेर रोपांचे ढीग लागले, आणि ताईंनी शनिवारी सगळी रोपं लावून टाकली. त्यानंतरच्या आठवड्यात एका रात्रीचा अंदाज होता ३ अंशांचा. शून्याच्या वर आहे म्हणून कुणी काही झाकलं नाही.

हवामानाचा अंदाज जमिनीपासून दीड-दोन मीटरवरच्या हवेचा असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमीन आपली ऊब उघड्यावर फेकत राहते आणि पानाजवळचं तापमान त्या आकड्याच्या दोन-तीन अंश खाली जातं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, तेव्हाही हवेचा पारा बहुधा शून्याच्या वरच असतो. म्हणून निरभ्र, निवांत रात्री ४ अंश म्हटलं तरी झाकायचं. जुनी चादर चालते, पण तिची कड जमिनीला टेकली पाहिजे, कारण अडवायची ती मातीतून वर येणारी ऊब. प्लास्टिक पानाला चिकटलं तर तिथेच पान जळतं.

हिमतुषार चुकला तरी गार मातीतून मिरची सुटत नाही. ती मरत नाही, नुसती रुसून बसते, आणि जूनमध्ये लावलेली तिच्यापुढे निघून जाते. ताईंच्या स्वयंपाकघरात दही विरजण्यासाठी घेतलेला थर्मामीटर होता. तोच सकाळी चार इंच खोल मातीत खुपसायला सांगितलं. वाटाणा आणि पालक ५-७ अंशांना उगवायला लागतात. टोमॅटोला १५ हवेत. मिरची, वांगं, भेंडीला १८ ते २०, आणि ते इथे बहुधा मेच्या शेवटच्या आठवड्यात मिळतात. मिरची-वांग्याची रोपं मार्चच्या मध्यात घरात दिव्याखाली करायची, भेंडीचं बी एप्रिलअखेर कागदी पेल्यात, कारण भेंडीला मुळाला धक्का लागलेला चालत नाही. घरातलं रोप एकदम बाहेर नेलं की दोन तासांत पान पांढरं पडतं, म्हणून आठ-दहा दिवस त्याला रोज थोडं जास्त ऊन आणि वारा दाखवायचा.

जाता जाता: सेंट पॉलच्या शेतकरी बाजारात ह्मोंग शेतकऱ्यांच्या टेबलांवर ऑगस्टमध्ये कारली, तिखट मिरच्या, राजगिऱ्याचा पाला, भेंडी यांचे ढीग असतात. लाओसच्या डोंगरातून १९७५ नंतर निर्वासित म्हणून आलेल्या लोकांनी याच हवेत या भाज्या बसवल्या. मला इथलं निम्मं बागकाम त्यांच्या टेबलासमोर उभं राहून प्रश्न विचारण्यातून आलं. ग्रीनहाऊस त्यांच्यापैकी अनेकांकडे असतं, पण ते रोपांसाठी, पीक काढण्यासाठी नाही.

कढीपत्ता

या घरात कढीपत्त्याची गोष्ट फक्त फोडणीपुरती नव्हती. भारतातून रोप, फांदी, बी किंवा ताजी पानंसुद्धा सामानातून आणायला अमेरिकेत मनाई आहे. सायला हा बारीक किडा कढीपत्त्यावर पोसला जातो आणि संत्रा-लिंबाच्या बागा संपवणारा ग्रीनिंग रोग तोच पसरवतो. तो रोग फ्लोरिडात २००५ साली सापडला आणि तिथला संत्र्याचा धंदा त्याने अर्ध्याच्या खूप खाली आणला. त्यामुळे परवानाधारक रोपवाटिकेतूनच रोप घ्यावं लागतं, आणि ते स्वस्त नसतं. ताईंचं झाड कमरेएवढं झालं होतं.

झालं होतं असं. ऑक्टोबरच्या मध्यात, रात्री चार-पाच अंशांच्या होऊ लागल्यावर, झाड आत आणलं. दिवाणखान्यात उत्तरेच्या खिडकीजवळ ठेवलं, देखण्या चिनीमातीच्या भांड्यात कुंडी ठेवून. शेजारीच जमिनीत फर्नेसच्या, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीच्या, गरम हवेची जाळी. पानं पिवळी पडू लागली तेव्हा पाणी वाढवलं. गळू लागली तेव्हा ताक घातलं, कारण आपल्या घराघरांत कढीपत्त्याला ताक हेच औषध. केळाच्या सालींचं पाणीही झालं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणापर्यंत नुसती काठी उरली, आणि मातीवर बारीक माश्या भिरभिरू लागल्या.

निदान सांगण्याआधी मी खोडावर नखाने ओरखडा काढला. आत हिरवं होतं. इथे बरीच कढीपत्त्याची झाडं जिवंतपणी कचऱ्यात जातात, म्हणून ही परीक्षा आधी करावी. पानं गेलेला कढीपत्ता बहुतेक वेळा झोपलेला असतो.

मग फोनमधल्या लक्समापकाने उजेड मोजला. उन्हाळ्यात दुपारी बाहेर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. दिवाणखान्यात आपल्याला वाचता येईल इतका लख्ख उजेड म्हणजे तीनशे-चारशे लक्स. डोळा दोन्हींशी जुळवून घेतो, म्हणून खोली आपल्याला अंधारी वाटत नाही. पानाला मात्र बाहेरच्या उजेडाचा दोनशेवा-तीनशेवा हिस्सा मिळत होता आणि तोही पावणेनऊ तासांच्या दिवसात. अशा उजेडात झाड पान पोसू शकत नाही, ते टाकून देतं. पान नाही म्हणजे पाणी ओढलं जात नाही. आणि नेमकं तेव्हाच घरच्यांनी पाणी वाढवलं. चिनीमातीच्या भांड्यात खाली दोन इंच पाणी साचलेलं निघालं, त्यात ताक. वास सांगायला नको.

कुंडीतून काढल्यावर मुळांचा खालचा थर काळा आणि गिळगिळीत होता. तो कात्रीने उडवला, उरलेल्या मुळांना पुरेल अशा आधीपेक्षा लहान कुंडीत, सालीचे तुकडे आणि परलाइटचे हलके पांढरे खडे घातलेल्या भुसभुशीत मिश्रणात झाड परत बसवलं. मोठी कुंडी दिली असती तर माती ओलीच राहिली असती. जागा बदलून दक्षिणेच्या खिडकीत, गरम हवेच्या जाळीपासून लांब. वर एक साधा एलईडी ग्रो लाइट, शेंड्यापासून फूटभर उंच, टायमरवर रोज १३ तास. पाणी मातीचा वरचा दोन इंचांचा थर कोरडा झाल्यावरच, म्हणजे त्या काळात दोन-तीन आठवड्यांनी एकदा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खत बंद, ताकही बंद. ताकावरून आजींशी फोनवर माझा थोडा वाद झाला. मी म्हटलं, जूनमध्ये बाहेर नेल्यावर खुशाल घाला, पातळ करून.

फर्नेस चालू असताना घरातली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि त्या कोरड्या हवेत लाल कोळी आणि खवले कीड फोफावतात. फांद्यांवर तपकिरी खवले होतेच. ते साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसले, आठवड्याने पुन्हा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तीन डोळे फुटले. शेंडा तेव्हाच छाटला, म्हणजे फांद्या बाजूने येतात.

पुढच्या वर्षीपासूनचा नियम असा: रात्रीचं तापमान १० अंशांच्या, म्हणजे इथल्या भाषेत पन्नास फॅरनहाइटच्या, खाली जाऊ लागलं की झाड आत. ते सप्टेंबरच्या मध्यालाच होतं, ऑक्टोबरची वाट पाहायची नाही. आणण्याआधी पानांची खालची बाजू धुऊन घ्यायची. परत बाहेर मेअखेरीस, आधी आठवडाभर झाडाच्या सावलीत.

सफरचंद

हनीक्रिस्प ही मिनेसोटा विद्यापीठानेच काढलेली जात, १९९१ ला बाजारात आली, आणि इथल्या थंडीतच तिची पारख झालेली. तिला उणे तीसने मारलं हे मला पटेना. खोडाभोवतीचं गवत बाजूला केलं तर जमिनीपासून दीड-दोन फुटांच्या पट्ट्यात साल कुरतडलेली, दातांचे तिरपे ठसे स्पष्ट. ससे. फेब्रुवारीत बर्फावर उभं राहून ससा एरवीपेक्षा फूटभर उंच पोचतो, म्हणून जाळी बर्फाच्या नेहमीच्या पातळीच्या वर दोन फूट हवी. पाव इंची छिद्रांची लोखंडी जाळी, खाली दोन-तीन इंच मातीत गाडलेली, कारण उंदरांसारखे व्होल बर्फाखालून येतात.

नैऋत्येच्या बाजूला आणखी एक उभी चीर होती, ती सशाची नव्हती. हिवाळ्यातल्या स्वच्छ दुपारी तिरपं ऊन आणि बर्फावरून परतणारा उजेड मिळून कोवळी साल त्या बाजूने तापते, पेशी जाग्या होतात, आणि सूर्य बुडताच पारा कोसळून त्या फुटतात. ही इजा भर थंडीत उन्हाने केलेली. नोव्हेंबरात खोडाला पांढरं वेष्टन घालायचं, एप्रिलमध्ये आठवणीने काढायचं. साल एक-तृतीयांश परिघावर शाबूत होती, त्यामुळे झाड वाचलं, पण त्याचा जोम गेला आहे. मी असते तर ते काढून नवं लावलं असतं. मुलीने नाव ठेवलंय म्हणून ते राहिलं. परागासाठी दुसऱ्या जातीचं सफरचंद जवळपास लागतं, ते सुदैवाने शेजाऱ्यांकडे आहे.

लसूण, आणि तिसरं वर्ष

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, बाकी सगळं आटोपल्यावर, लसूण लावून घेतला. कडक दांड्याचा, म्युझिक जातीचा. दुकानातला खायचा लसूण या कामाला घ्यायचा नाही, तो बहुधा उबदार मुलखातला असतो. पाकळ्या दोन-तीन इंच खोल, वर चार इंच गव्हाचा पेंढा. या लसणाला थंडी लागतेच. ती मिळाली नाही तर पाकळ्या सुट्या होत नाहीत, एकच गोळा तयार होतो. जूनमध्ये त्याला गोल वळणारे दांडे येतात, ते खुडून परतले की लसणीच्या पातीची आठवण भागते. जुलैच्या मध्यात खालची निम्मी पानं वाळल्यावर काढणी. आजींनी त्याच्या वेण्या घालायचा प्रयत्न केला, पण दांडा कडक असल्याने जमलं नाही. मग जुड्या बांधून गॅरेजमध्ये टांगल्या.

तिसऱ्या वर्षीचा हिशेब साधारण असा लागला. कांदा, लसूण, मिरची, ऑगस्टची मेथी भरघोस. वसंतातली मेथी बरी. भेंडी घरापुरती, कारण जुलै गार गेला. वांग्यांवर जपानी भुंगे आले आणि अर्ध्या पानांची चाळण झाली. ते सकाळी साबणाच्या पाण्यात झटकून मारण्याला मला तरी पर्याय सापडलेला नाही. कढीपत्त्याने हिवाळ्यात पाचेक पानं सोडून बाकी सगळी राखली.

पुढच्या वर्षासाठी एक काम उभं राहिलं आहे. पूर्वेच्या कुंपणापलीकडचं शेजाऱ्यांचं अॅशचं झाड या हिवाळ्यात पडणार. अॅश पोखरणारा हिरवा भुंगा मिनेसोटात २००९ ला सापडला, तेव्हापासून गल्लोगल्ली ही झाडं पाडली जाताहेत. ते गेलं की नव्या वाफ्याला सकाळचं दोन-अडीच तास जास्त ऊन मिळेल, आणि त्याच्या सावलीत जूनमध्येही तग धरणाऱ्या कोथिंबिरीची जागा जाईल. तेव्हा एप्रिलमध्ये दोरी घेऊन नकाशा पुन्हा काढायचा आहे. ताईंनी त्या मोकळ्या उन्हात अर्का जयसाठी एक ओळ राखून ठेवली आहे आणि बियाण्याच्या परवान्याचा अर्ज भरायला घेतला आहे.